माळढोकाला हाकललं तेव्हा

चारुशीलाताई तुळजापूरच्या शाळेत शिकवतात. लहानपणी अणदूरच्या शेतात ओरडून ओरडून त्यांनी ज्वारीवरची पाखरं हाकलली. आता सुट्टी मिळाली, की दुर्बीण घेऊन त्याच पाखरांमागं हिंडतात. माळढोक मात्र त्यांना कधीच दिसला नव्हता.

या हिवाळ्यात आम्ही दोघी मुरुमच्या माळावर, पवनचक्कीच्या विजेच्या तारांखाली गवतात पालथ्या पडलो होतो. समोर गवतातून माळढोकाची पांढरी मान वर आली. ताईंनी माझं मनगट आवळलं. दुर्बीण डोळ्याला लावणार, तेवढ्यात पलीकडून फोटोवाल्यांची जीप थेट त्याच्या अंगावर आली. माळढोक बिथरला आणि उडायला म्हणून आमच्याच दिशेनं धावत सुटला. वर तारा होत्या. एवढ्या जड पक्ष्याला त्या चुकवता येत नाहीत.

ताई उठल्या. ओढणी गरगर फिरवत त्यांनी ज्वारीच्या राखणीतली आरोळी ठोकली. माळढोक वळला आणि ओढ्यापलीकडं उडून गेला.

"अक्कल आहे का, बाई? हाकलून लावला," जीपमधला ओरडला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"व्हय, हाकलला," ताई म्हणाल्या.

परतताना मी विचारलं, "ताई, तुम्हाला नीट दिसला का हो?"

"पाठमोरा," त्या म्हणाल्या. "पण उडताना."