भिंगवाल्याची पुडी

ज्या माणसाने मला तासभर उभं ठेवलं, त्याच्यासाठी आज देवापुढे हात जोडले. मनापासून नव्हे. या वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नेम आहे, म्हणून तेही लिहिते.

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागे एक अरुंद खोली आहे. तिथे जुनी नाणी पारखणारा बसतो, त्याला सगळे भिंगवाला म्हणतात. साठीचा असेल, कपाळावरची आठी जन्मापासूनची असावी. खोलीत खुर्ची एकच आणि तीही त्याचीच. समोर मी आणि वन्सं उभ्या, मध्ये हातभर अंतर आणि दोन महिन्यांचा अबोला.

अबोला सासूबाईंच्या सोन्याच्या नाण्यावरून. त्या गेल्यापासून ते माझ्या देव्हाऱ्यात होतं. वन्संनी मागितलं तेव्हा मी लगेच काढून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे आईचं नव्हे. आईचं कसं मंद होतं! हे बघा, ताटासारखं चकचकतंय. वहिनीनं बदललंय." यांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. बावीस वर्षं या घरात राबून मी चोर!

मग वन्संनीच टूम काढली : नाणं ग्रेडिंगला पाठवायचं. ग्रेडिंग करणारी कंपनी नाणं तपासते, सत्तरपैकी आकडा देते आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. "डबीवर लिहून येऊ दे. मग कळेल कोण काय आहे ते." पण फी दांडगी, म्हणून आधी या माणसाचं मत.

आत जाण्याआधी आम्ही दुकानात ताटकळत असताना घड्याळवाल्याने भिंगवाल्याची कथा सांगितली. पूर्वी हा गोड बोलायचा म्हणे. एकदा एका रडणाऱ्या बाईला नुसतं बरं वाटावं म्हणून 'छान आहे हो नाणं' म्हणाला. त्या शब्दावर विसंबून बाईने चांगलं गिऱ्हाईक परत पाठवलं. तसं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही. वर्षभर ती दारात येऊन याला शिव्याशाप देत होती. तेव्हापासून कुणाच्याही नाण्याला हा चांगलं म्हणत नाही.

"आणि माणसाला?" मी विचारलं.

"माणसाकडे तो बघतच नाही," घड्याळवाला म्हणाला.

खरंच होतं. मी नाणं पुढे केलं तर खेकसला, "नाण्याच्या तोंडावर बोटं लावू नका! कडेला धरा, कडेला." वजन केलं, जाडी मोजली, मग दिवा आडवा करून भिंग डोळ्याला लावलं. किती वेळ! वन्संच्या बांगड्या वाजल्या तर म्हणाला, "त्या काढून या."

शेवटी भिंग खाली ठेवलं. "सोनं खरं. नाणं खरं. पण घासलंय कुणी?"

"मी," मी म्हणाले. "दर शुक्रवारी. दंतमंजनाने."

"का?"

"देवापुढे मळकं कसं ठेवायचं?"

"देवाने तक्रार केली होती का? बाई, हजार ओरखडे आहेत यावर. चकाकी नव्हे ही, साल सोललीय तुम्ही."

कान तापले माझे. वन्संना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "ऐकलंत ना वहिनी? पण म्हणून हे आईचंच, असं कुठे ठरतं? पाठवाच हो तुम्ही ग्रेडिंगला."

"थांबा." त्याने नाणं चिमट्याने उभं केलं. "वरच्या बाजूला कडेचे दाते नाहीत. इथे गळ्यात घालायला कडी डागून जोडली होती. मग कापून कानसलंय. जुनं काम आहे, तीसेक वर्षांचं."

"पण सोनार तर म्हणाला होता, दिसणार नाही—" वन्सं बोलून गेल्या आणि जीभ चावली. हात मात्र गळ्याशी गेला होता.

तीस वर्षांपूर्वी मी या घरात नव्हते. कॉलेजात मिरवायला आईच्या नकळत कपाटातून नाणं कुणी नेलं असेल, ते विचारायची गरज उरली नाही.

वन्सं पदर सावरत म्हणाल्या, "मग नकोच पाठवायला. उगाच फी कशाला?"

"पाठवा," मी म्हणाले.

"आकडा मिळणार नाही," भिंगवाला म्हणाला. "अशा नाण्याच्या डबीवर नुसते दोष लिहून येतात."

"मला दोषच लिहून हवेत."

पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. तेही भिंगातून पाहिल्यासारखंच. "त्याला डबी कशाला? पैसे उतू चाललेत का?" कागदाची छोटी पुडी काढली, तिच्यावर पेन्सिलीने खरडलं, 'खरं. घासलेलं. कडी डागून काढलेली, जुनी.' खाली सही आणि तारीख. "घ्या. आणि दोघी भांडायला बाहेर जा."

रस्त्यावर वन्सं म्हणाल्या, "तुम्ही तरी घासायला नको होतं."

"आणि तुम्ही तरी मला चोर म्हणायला नको होतं."

माफी नाहीच. मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे तुमच्या आईचं. पुडी माझी."

संध्याकाळी दिवा लावल्यावर पुडी यांच्यासमोर धरली आणि मोठ्याने वाचायला लावली. 'घासलेलं'सुद्धा. मग खळ लावून या वहीत चिकटवली. देव्हाऱ्यात नाण्याची जागा रिकामी आहे. भिंगवाल्यासाठी हात जोडून झाले, मग वन्संना देवाने क्षमा करावी अशी प्रार्थना म्हणायला बसले. आज जमली नाही.