बाभळीची वाकडी कड

वडिलांचे गुडघे गेले तसं त्यांना खाली बसता येईना. आम्ही सगळे स्वयंपाकघरात चुलीभोवती जेवायचो आणि ते ओसरीत, खाटेवर, मांडीवर ताट घेऊन. एकटेच. मला ते बघवत नव्हतं. म्हणून ठरवलं, घरात डायनिंग टेबल करायचं आणि सगळ्यांनी एका जागी जेवायचं.

साधं टेबल आणलं असतं तर सुटलो असतो. पण मोबाईलवर मी तसली टेबलं पाहिली होती, ज्यांच्या फळीची कड झाडाच्या अंगाची तशीच ठेवतात, वाकडीतिकडी, सालीसकट. आमच्या बांधावरची बाभळ वादळात पडलेलीच होती. खोड कळमनुरीला आरा मशीनवर नेलं आणि तिथल्या माणसाला बजावून सांगितलं, कड सरळ करू नका. मी चहा पिऊन येईपर्यंत त्यानं एक बाजू पट्टी लावल्यासारखी कापून ठेवली होती. वर म्हणतो, "असं वाकडं घरी कसं न्याल साहेब? बराबर करून दिलं." मी कपाळावर हात मारला आणि उरलेली बाजू वाचवून फळी घरी आणली.

फळी वाळायला ओसरीत टेकवली. बाभळीची साल उकळून गुळण्या केल्या की दाताचा ठणका थांबतो, हे आमच्या गावात लेकरालाही ठाऊक. मी कामावर गेलो की कुणी ना कुणी येऊन साल सोलून न्यायचं. आणि देणारे कोण, तर खाटेवर बसलेले वडीलच.

"दादा, ती साल टेबलाची हाय," मी वडिलांना चिडून म्हणालो.

"लोकायचे दात दुखून राहिले, अन् तू साल काहून सांभाळतो?"

साल गेली. पुढं त्या फळीनं माझा जीव खाल्ला. रंधा बोथट झाला, तळहाताला फोड आले, आणि वाळता वाळता फळी अशी पिळवटली की पाय कसेही लावा, टेबल डुगडुगणारच. शेवटी एका पायाखाली फरशीचा तुकडा सारला, जवसाचं तेल चोळलं आणि टेबल बैठकीत मांडलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

पहिल्या जेवणाला वडील, बायको, लेकरं, सगळे टेबलाशी बसले. आईनं गरम भाकरी आणून वाढल्या आणि आपलं ताट घेऊन ती परत चुलीपुढं जाऊन बसली. "मला वर बसून घास उतरत न्हाई," एवढंच म्हणाली. वडिलांनी अर्धी भाकर कशीबशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बघतो तर ते ताट घेऊन पुन्हा खाटेवर.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "एवढं रक्त आटवलं, अन् तुमी परत इथंच? त्या टेबलात कमी काय हाय?"

"टेबल चांगलं हाय," ते म्हणाले. "पर तिथून तुझी माय दिसत न्हाई."

मी रागारागानं त्यांच्या शेजारी बसलो. समोर स्वयंपाकघराचं दार, दारातून चूल, आणि चुलीपुढं आई. ताटात भाकर कुस्करत होती आणि मधूनच मान वर करून त्यांच्या ताटाकडं बघत होती.

आता ते धूड पुन्हा उचलायचंय. चुलीसमोर नेतो म्हटलं, तर आई म्हणते, धुरानं काळं पडंल. म्हटलं, पडू दे.