चिमट्या खाटीक आणि नवसाचं दिल

आमच्या वाटूरचा चिमट्या खाटीक रामराम करायच्या आधी माणसाच्या छातीकडे बघायचा. बोकड घेताना पुढच्या पायांच्या मधे, छातीच्या हाडावर चिमटा काढून तो चरबी जोखायचा. त्यावरून हे नाव. जीभ त्या चिमट्याहून वाईट. "पाटील, तुमाला सोललं तर चरबीचे तीन डबे भरतेत," असं भर बाजारात सांगायचा. लोक शिव्या द्यायचे आणि मटण त्याच्याकडूनच घ्यायचे.

एक गोष्ट तो सगळ्यांना ऐकवायचा. "रानात चरल्यालं बोकड कितीबी माजू द्या, त्याचं दिल साफ. खुंट्याला बांधून चारल्यालं वरून रोडकं दिसंल, पर आत दिलाला चरबी चढून राह्यली आस्ती. जरा पळवा, जीभ भाईर काढतंय." खाटकाचं शहाणपण म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

माझे वडील, अण्णा, पोस्टमन होते. रोज चार-पाच गावं पायी. शहात्तर साली त्यांच्या छातीत कळ आली आणि आईने त्यांना अंगणातल्या बाजेवर बसवलं, ते वर्षभर उठूच दिलं नाही. तूप, साय, डिंकाचे लाडू. त्यांच्या जिवासाठी देवीला बोकड बोलली, तोही त्याच अंगणात बांधलेला. दोघांना ती सारख्याच मायेने भरवायची. चिमट्या जाता-येता दात काढायचा, "वयनी, आधी कोणाला कापायचं?" त्याचा गळा धरावा असं मला वाटे. अण्णा मात्र हसायचे आणि हसता हसता धापा टाकायचे.

नवसाच्या दिवशी चिमट्याने बोकड सोलला. मुंडी-कातडं कापणाऱ्याचं, बाकी घरच्यांचं, अशी रीत. दिल तर छातीच्या दुखणाईताला शिजवून घालायचं, म्हणजे ताकद येते. चिमट्याने ते हातात धरलं. पिवळ्या चरबीत पार बुडालेलं. लाल रंग कुठे दिसेना. ते तो अण्णांच्या डोळ्यांपुढे घेऊन गेला.

"बगा अण्णा, तुमचं बी आत आसंच झालं आसंल. उठा, चालाया लागा." आणि ते त्याने आपल्या फडक्यात टाकलं. "हे तुमाला बिलकुल देत न्हाई."

आई सगळ्या पाहुण्यांदेखत कडाडली, "चोर मेला! माझ्या नवऱ्याच्या तोंडचं दिल पळवून राह्यला!"

चिमट्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने दिल परातीत आपटलं, "घ्या, चारा" म्हणाला, सुऱ्या गुंडाळल्या आणि मुंडी-कातडं तिथेच टाकून गेला.

मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो, शिकलेला. मलाही तो चोरच वाटला. अण्णांना ताटली मीच नेऊन दिली.

एका दिलाने माणूस मरत नाही, हे आता कळतं. हृदयाभोवती चरबी साचली की त्याच्या रक्तवाहिन्या खराब होत जातात, माणूस वरून कसाही दिसो, हे माझ्या डॉक्टरने मला कागदावर चित्र काढून समजावलं. अण्णांना मारलं असेल तर त्या वर्षभराच्या बाजेने, म्हणजे आमच्याच मायेने. जे त्या चित्रात होतं, ते चिमट्याला रोजच्या सुरीने शिकवलं होतं. आज त्याच्याबद्दल वाटतं तेवढं प्रेम मला फार थोड्यांबद्दल वाटतं. लाजही तेवढीच वाटते.

अण्णा दिवाळीच्या आधी गेले, न्हाणीकडे जाता जाता.

तेराव्याला चिमट्या दारात येऊन उभा राहिला. आईने त्याला विचारलं, "तुला कळत व्हतं, तर मंग जोर लावून का न्हाई सांगितलं रे?"

मला वाटलं, आज तरी हा माणूस गप्प बसेल.

"चोराचं कोण ऐकतं, वयनी?" तो म्हणाला आणि निघून गेला. आई उंबऱ्यातच बसली, आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.