लाल फुलीला हात लावू नको

गेली बावीस वर्षं मी विंडोज वापरलं आणि त्यातला एकही दिवस ते विकत घेतलेलं नव्हतं. हे विंडोज खरं नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात कायम दिसायची. आमच्या आर्णीत ज्यांच्या ज्यांच्या घरी मी कॉम्प्युटर पाहिला, तिथं ती ओळ होतीच. त्यामुळे ती कंपनीची सही असावी, असा माझा समज होता. विंडोज खरं नसलं तरी त्याच्यावरची माझी निष्ठा मात्र अस्सल होती.

मी शाळेत लिपिक होतो. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हेडमास्तर त्याला दुरूनच नमस्कार करायचे, आणि तो सुरू करायची हिंमत एकट्या माझ्यात होती. तेव्हापासून खानदानात मी ‘कॉम्प्युटरवाला’ झालो. आमच्याकडची प्रत्येक लग्नपत्रिका मी जुळवली. निवृत्तीनंतरही हा मान शाबूत होता, आणि तो मला किती प्रिय होता हे आता सांगायला लाज वाटत नाही.

मागच्या दिवाळीत आमची मुलगी प्राची पुण्याहून आली. तिनं माझा कॉम्प्युटर उघडून पाहिला आणि डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

“बाबा, ह्याच्यात नवं विंडोज बसत नाही. मी लिनक्स टाकून देते.”

“कोन्या कंपनीचं होय ते?”

“कोन्याच नाही. जगातले लोकं मिळून बनवतात. फुकट आहे आन् कायदेशीरबी आहे.”

फुकट काय असतं ते मला माहीत होतं. कायदेशीर काय असतं तेही ऐकून होतो. पण एकच वस्तू दोन्ही असू शकते, हे मला पटेना. पटेपर्यंत तिनं टाकून दिलंसुद्धा.

मग माझे हाल सुरू झाले. ‘माय कॉम्प्युटर’ नाही. सी ड्राइव्ह नाही. (डी तर नाहीच.) प्रिंटरची सीडी मी अठरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. ती शोधून आणेपर्यंत प्रिंटर आपोआप चालूही झाला होता, याचाही मला राग आला. पण सगळ्यात मोठा घाव रिफ्रेशचा. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की रिकाम्या जागी उजवं बटण दाबून पाच-सात वेळा रिफ्रेश करायची मला सवय होती. त्यानं काय होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. न करता काम सुरू केलं की पारोसं बसल्यासारखं वाटायचं. इथं उजवं बटण दाबलं तर रिफ्रेश जागेवरच नाही. मी प्राचीला पुण्याला फोन लावला.

“बाबा, त्याची गरज नसते.”

“गरज विंडोजमधीबी नव्हती. पन सवय तं आहे नं.”

माझी बायको मंगला हे सगळं भाजी निवडता निवडता पाहत होती. तिनं आयुष्यात माउसला हात लावला नव्हता. चार दिवसांनी पाहतो तर ती कॉम्प्युटरपुढं बसून भजनी मंडळाच्या भजनांची यादी टाइप करत होती. तिला काहीच येत नसल्यामुळे काही विसरायचंही नव्हतं. मी तिला म्हटलं, “हे सोपं आहे. खरा कॉम्प्युटर म्हंजे विंडोज.” तिनं मान हलवली आणि यादीला रंगीत किनार लावली.

अशात धाकट्या भावाच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच माझ्याकडे आली. आता पत्रिकेतला धोका काय असतो ते सांगायला पाहिजे.

घाटंजीला माझी मोठी बहीण कुसुमअक्का असते. तिचे यजमान पुंडलिकराव म्हणजे आमचे भाऊजी. माणूस दिलदार. तूर निघाली की पहिलं पोतं आमच्याकडे पाठवणार. फक्त पत्रिका हातात आली की आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते पाहणार. मागं एका लग्नात त्यांचं नाव धाकट्या जावयाच्या खाली आलं, तर भाऊजी मांडवाच्या दारातून परत फिरले. त्यांच्यामागं अक्कालाही जावं लागलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं होतं, ते मी विसरलेलो नाही. त्यात पल्लवी तर तिच्या विशेष लाडाची. बारशाला आत्या म्हणून तिनंच कानात नाव सांगितलेलं. पल्लवीच्या अंगाला पहिली हळद अक्काच लावणार, हे घरात ठरलेलं होतं. ती या लग्नात असलीच पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं, आणि त्यासाठी भाऊजींचं नाव असं टाकायचं ठरवलं की कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही.

पत्रिका जुळवायचं जे सॉफ्टवेअर प्राचीनं दिलं होतं, त्याची पद्धत न्यारीच होती. मजकूर वेगळ्या खिडकीत लिहायचा, मग तो पानावरच्या चौकटीत जाऊन बसतो. मी वधू-वर, मुहूर्त, मामा, काका, बाकीचे सगळे जावई लिहिले. सर्वांत शेवटी, कोणाच्या वर-खाली नको म्हणून एकट्यासाठी, ‘विशेष निमंत्रक’ असा मथळा दिला आणि खाली भाऊजींचं नाव. पानावर पाहिलं. अगदी झकास बसलं होतं, खाली फुलांची वेलबुट्टी.

पण अक्षर जरा बारीक वाटलं. लिहायच्या खिडकीत जाऊन मी नाव मोठं केलं. मग वाटलं, मान द्यायचाच तर हात आखडता कशाला? आणखी मोठं केलं. शेवटी त्या खिडकीत ते नवरदेवाच्या नावापेक्षाही मोठं झालं तेव्हा थांबलो.

मंगला मागं उभी होती. “अहो, चौकटीच्या कोपऱ्यात हे लाल फुली कायची आली?”

“तिले हात लावू नको.”

“काहून?”

“लाल फुली दाबली का सगळं बंद होते. बावीस वर्षं पाहून राह्यलो मी.”

विंडोजवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हेच सांगेल. लाल फुली म्हणजे बंद. मी माउसचा बाण तिच्यापासून चार बोटं लांब ठेवूनच पुढचं काम केलं.

मग प्रेससाठी पीडीएफ बनवायला घेतली, तर एक मोठी सूचना समोर आली. आता विंडोजवाल्याला सूचना वाचायची सवय नसते, ती घालवायची सवय असते. खाली दोन-तीन बटणं होती, त्यातलं ‘दुर्लक्ष करा’ अशा अर्थाचं मी दाबलं. पीडीएफ झाली. प्रेसवाल्यानं प्रूफ दाखवलं तेव्हा मी तारीख पाहिली, मुहूर्त पाहिला, व्याह्यांचं नाव दोनदा पाहिलं. भाऊजींचं पाहायचा प्रश्नच नव्हता, ते मी स्वतःच्या हातानं सगळ्यात मोठं केलं होतं. चारशे पत्रिका छापून आल्या.

पहिली देवाला ठेवली. दुसरी घेऊन मी आणि मंगला गाडीवर घाटंजीला गेलो. भाऊजींना कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा दिला आणि पत्रिका हातात ठेवली. भाऊजींनी चष्मा लावला. आमच्याकडे पत्रिका मनात वाचत नाहीत. भाऊजी मोठ्यानं, एकेक नाव चाखत वाचू लागले. आजोबा झाले, मामा झाले, काका झाले. धाकटे जावई आले तसा त्यांचा आवाज थोडा खाली गेला. अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती.

“विशेष निमंत्रक,” भाऊजी म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी पत्रिका उलटी केली. मागं कोरी होती. परत सुलटी केली.

“विलासराव, हे विशेष निमंत्रक कोन होत?”

“तुमीच नं भाऊजी.”

“कुठी?”

मी पत्रिका हातात घेतली. ‘विशेष निमंत्रक’ असा ठसठशीत मथळा होता. त्याच्याखाली वेलबुट्टी होती. मधे काही नव्हतं! मी चष्मा पुसून पाहिलं, तरी नव्हतं.

“भाऊजी, मी टाकलं होतं. सगळ्यात मोठं टाकलं होतं. हे सॉफ्टवेअर फुकटचं होय, त्याच्यानं झालं.”

“म्हंजे बाकीच्याइचे नावं छापले, आन् माह्यं फुकटच्यात गेलं.”

भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली, नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि गोठ्याकडे निघून गेले. मी अक्कामागं स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती.

“विलास, ह्याइले सोडून मी कशी येऊ रे? तूच सांग.”

त्या क्षणी मला खरंच फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मी मनातल्या मनात जगभरातल्या त्या सगळ्या लोकांना शिव्या देत होतो, ज्यांनी मिळून ते सॉफ्टवेअर बनवलं होतं.

घरी आल्या आल्या मी प्राचीला फोन लावला. “हे तुह्यं लिनक्स आजच काढून टाकतो मी. भाऊजीचं नाव खाल्लं त्यानं.”

तिनं शांतपणे विचारलं, “बाबा, चौकटीच्या कोपऱ्यात लाल फुली आलती काय?”

“आलती. पन मी तिले बोटबी नाही लावलं.”

“बाबा, ते फुली म्हंजे मजकूर चौकटीत मावून नाही राह्यला. खाली अजून आहे, जागा द्या, असं ते सांगते.”

“विंडोजमधी...”

“आन् पीडीएफ करताना सूचना आली असन. त्याच्यात काय लिहिलं होतं?”

“ते वाचायचं असते काय?” मी म्हणालो.

एवढ्यात मंगलानं माउस धरला आणि चौकटीची खालची कड बोटभर खाली ओढली. लाल फुली गेली. वेलबुट्टीच्या डोक्यावर ‘श्री. पुंडलिकराव’ अशी भली दांडगी अक्षरं प्रकट झाली. मी मान द्यायला म्हणून नाव फुगवत गेलो होतो, आणि फुगवून फुगवून त्यांना पत्रिकेच्या बाहेर ढकललं होतं. ज्यांची नावं बारीक होती ते सगळे सुखरूप आत होते.

लग्न तोंडावर आलेलं आणि प्रेस लग्नसराईत बुडालेली. परत छापणं शक्य नव्हतं. मी डोकं धरून बसलो. मंगलानं मात्र एका पानावर भाऊजींचं नाव ओळीनं टाइप केलं, सोनेरी कागदावर त्याच्या प्रती काढल्या, कात्रीनं पट्ट्या कापल्या आणि दुसऱ्या दिवशी पत्रिकांचे गठ्ठे आणि गोंदाची बाटली घेऊन मला घाटंजीला चालवलं.

भाऊजी समोरच्या खोलीत बसले होते. टोपी टेबलावर तशीच होती. मंगलानं डोक्यावरचा पदर सावरला, एक पत्रिका उघडली, गोंद लावला आणि पट्टी चिकटवली.

“भाऊजी, चूक आमचीच झाली, तं आता नीट करून घ्या. बाकीचे नावं मशीननं छापले, तुमचं आमी हातानं लावून राह्यलो. सरळ लागलं का नाही, ते तेवढं तुमी पाहा.”

भाऊजींनी पत्रिका घेतली. नावावरून अंगठा फिरवला. धाकट्या जावयाच्या नावावरून फिरवला. तिथं अंगठ्याला काही लागलं नाही. पुन्हा आपल्या नावावरून फिरवला.

“थोडं वाकडं होऊन राह्यलं,” ते म्हणाले. “आना इकडं.”

त्यानंतर मला गोंदाला हातच लावू दिला नाही. ते आणि मंगला पट्ट्या लावत बसले. मी पत्रिका वाळत घालत होतो, तेही दोनदा चुकलं. शेवटच्या गठ्ठ्याच्या वेळी भाऊजींनी टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि आत पाहून म्हणाले, “कुसुम, चहा ठेव. पाहुने कव्हाचे बसून आहेत.” अक्कानं चहा आणला तेव्हा तिचे डोळे ओले होते. माझेही होते. मी ते गोंदाच्या वासावर ढकललं.

अक्का हळदीच्या तीन दिवस आधीच आली. पल्लवीच्या गालाला पहिली हळद तिनंच लावली. भाऊजी मांडवाच्या दारात उभे राहून प्रत्येक पाहुण्याला, “पत्रिका भेटली नं? हात लावून पाह्यला?” असं विचारत होते. (धाकटे जावई थोडे नाराज होते. त्यांचं नाव नुसतंच छापलेलं होतं.)

लिनक्स मी काढलं नाही. काढणार कसा, कॉम्प्युटर आता मंगलाकडेच असतो. आजूबाजूच्या पत्रिका ती जुळवते आणि खाली बारीक अक्षरात ‘जुळवणी : सौ. मंगला’ अशी ओळ टाकते. परवा मी सहज म्हटल्यासारखं करून म्हटलं, बावीस वर्षांच्या अनुभवाचं ‘मार्गदर्शन : विलासराव’ असंही खाली येऊ दे. तिनं माझ्यासमोर ते टाइप केलं. मीच म्हटलं, अक्षर थोडं मोठं घे. तिनं घेतलं.

पत्रिका छापून आली. ‘मार्गदर्शन’ होतं. त्याच्याखाली वेलबुट्टी होती.

“मंगला, माह्यं नाव?”

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “लाल फुली आलती बा. पन तुमीच सांगून ठेवलं होतं नं, तिले हात लावू नको.”