दादाच्या डोक्यातली वायरिंग

दादाच्या बोटीची सगळी वायरिंग दादाच्या डोक्यात होती. कागदावर एक रेघ नव्हती. "मी आहे ना," म्हणायचा. मग एका सकाळी अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला, वाचाही गेली, आणि प्रवासी नेणारी ती बोट त्याच्या बायकोच्या, वहिनीच्या, गळ्यात पडली.

वहिनी शिवणकाम करणारी. तिने बोटीच्या फळ्या उचकटल्या. खाली सगळ्या वायरी काळ्या, एकमेकींत अडकलेल्या. त्यांचे फोटो काढून ती दादाच्या उशाशी बसायची, मांडीवर ब्लाउजच्या कटिंगचा खाकी कागद.

"अहो, ही दिव्याची?"

मान हलली की रेघ. चुकलं की दादा डावी मूठ पलंगावर आपटायचा.

"आजारी माणसाला कशाला छळतेस गं?" सासूबाई कुरकुरायच्या. धाकटा दीर हसायचा, "वहिनी, बोट बेतताय की काय?"

पंपाच्या वायरीपाशी गाडी अडली. "मेन स्विचवरूनच ना?" मूठ. पुन्हा विचारलं, पुन्हा मूठ. शेवटी उलगडलं: ही वायर थेट बॅटरीला. बोट बंद असतानाही पंपाने आत झिरपलेलं पाणी उपसावं म्हणून.

तो कागद वहिनीने केबिनच्या दाराला आतून चिकटवला.

पुढे एका दुपारी, बोट माणसांनी भरलेली, दोन्ही काठ लांब, आणि फळ्यांखालून धूर आला.

"मेन बंद करा!" सुकाणूवरून दीर ओरडला.

वहिनीने स्विच बंद केला. पॅनेलचे दिवे विझले. धूर मात्र वाढतच गेला. एक बाई लेकराला कवटाळून उठली, तशी बोट कलली.

"खाली बसा! कुणी उठायचं नाही!" आपला आवाज एवढा मोठा आहे हे वहिनीलाच ठाऊक नव्हतं.

"पाणी ओतू का?" दीर.

"हात लावू नका, भावजी!"

कागदावर तिचं बोट धावलं. मेन बंद, तरी वीज कुठे उरते? पंप. डिझेलच्या टाकीमागून, थेट बॅटरी. तिने बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं. वायरीचं प्लास्टिक वितळून टपटपत होतं. पक्कड लावली, तळहाताला चटका बसला, पण तिने सोडली नाही. कट्‌.

धूर विरळ झाला. पण आता पंपही बंद, आणि आत पाणी चढू लागलेलं.

"बादल्या घ्या! डबे घ्या! उपसा!"

धक्क्याला लागेपर्यंत प्रवासी उपसत होते.

घरी आल्यावर, दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, ती नवऱ्यावर कडाडली. "त्या वायरीला फ्यूज का नव्हता? माणसं होती हो बोटीत!"

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग डाव्या हाताने पेन्सिल मागितली. दिराने बोटीवर जाऊन केबिनच्या दारावरचा कागद काढून आणला. बॅटरीशेजारी दादाने एक वेडावाकडा चौकोन काढला. फ्यूजचा.

"बरं," वहिनी म्हणाली आणि कागद गुंडाळू लागली. दादाने तिचं मनगट धरलं. आणखी एका वायरीवर तसाच चौकोन काढला. मग आणखी एका.

दीर गुमान त्याच्या शेजारी बसला आणि समजेना तिथे विचारू लागला.