न खेळता फायनल

मागच्या गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या कॅरम स्पर्धेत मी स्ट्रायकरला हात न लावता फायनलला पोहोचले.

आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. ह्यांना कॅरमचं वेड आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत हरायची सवय. "यंदा कप घरी आणणारच," असं हे आठवडाभर म्हणत होते. पण नावं आली सातच. सातांत एकाला न खेळताच पुढे पाठवावं लागतं. आदल्या वर्षी तो मान मंडळाच्या जोगळेकरकाकांच्या मेव्हण्याला मिळाला आणि विसर्जनापर्यंत भांडण पुरलं. म्हणून काकांना त्या वेळी आठ नावं हवीच होती. ह्यांनी माझं देऊन टाकलं.

"मला कुठे खेळता येतं?"

"खेळायचंच नाही. तू यायचं नाहीस, समोरचा आपोआप जिंकेल. काय पता, समोर मीच असेन."

चिठ्ठ्या निघाल्या. हे वरच्या टोकाला, मी खालच्या.

"म्हणजे आपली गाठ थेट फायनलला," हे म्हणाले आणि खूप हसले.

पहिल्या फेरीच्या दिवशी प्रसादाची पाळी आमची होती. मी मोदकांचा डबा घेऊन हॉलमध्ये शिरले, तेवढ्यात माझं नाव पुकारलं. माझ्यासमोरचे तावडे ऑफिसात अडकले होते.

"तावडे नाहीत, वहिनी हजर. वहिनी पुढे," काकांनी जाहीर केलं.

मी प्रसाद द्यायला आलेय, हे सांगायला तोंड उघडलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी तोंड मिटलं. (चारचौघांसमोर मला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नाही.)

सेमीफायनलला मी घरीच बसणार होते. समोर शेखभाई, दरवर्षीचे विजेते. ह्यांना फक्त त्यांचीच धास्ती. संध्याकाळी हे पळत घरी आले.

"चल लवकर. शेखभाई त्याच्या सासूबाईंना आणायला निजामुद्दीन स्टेशनला गेलाय."

"मग मी कशाला?"

"दोघंही गैरहजर असलात तर सामना उद्यावर जाईल. तू नुसती उभी राहा. तो बाहेर गेला की कप आपलाच."

मी उभी राहिले. शेखभाई बाहेर गेले. हेही आपला सामना जिंकले. घरी परतताना जिन्यात हे एकदम थांबले.

"अरे यार. फायनलला तर तूच आहेस."

"मी येत नाही उद्या."

"पप्पा, मग सगळे म्हणतील, बायको आली नाही म्हणून जिंकले," आमची मुक्ता म्हणाली.

"तू ये," हे म्हणाले. "आणि हर."

"हरायला काय करायचं?"

"काही नाही. खेळ."

मी खेळले. माझ्या सोंगट्या पांढऱ्या होत्या, पण नेम असा की भोकात जायची ती ह्यांची काळीच. ह्यांच्या निम्म्या सोंगट्या मीच घातल्या.

"वहिनी, नवऱ्याला इतकी मदत आमच्या घरी कोणी करत नाही," शेखभाई सासूबाईंसमोरच म्हणाले.

कप ह्यांना मिळाला, टाळ्या मला.

यंदा जोगळेकरकाकांचा फोन आला.

"वहिनी, गेल्या वर्षीच्या दोघा फायनलवाल्यांची चिठ्ठी काढत नाही. तगडे खेळाडू आधीच भिडले तर मजा जाते. तुम्हाला दुसरं मानांकन दिलंय."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं.

मग मुक्ताला हाक मारली आणि स्ट्रायकर नक्की कुठल्या बोटाने मारतात, ते विचारून घेतलं.