गाडीला पाजलेलं एरंडेल

दादाच्या लग्नाची गोष्ट घरात निघाली की मी पाणी प्यायला उठतो. का उठतो, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादाची फटफटी वहिनीच्या दारात थांबली नाही, त्याचं कारण मी होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दादा नुकताच मास्तर झाला होता आणि लष्कराच्या लिलावातून फिरत आलेली एक जुनी परदेशी फटफटी त्याने घेतली होती. शेतातून, नाल्यातून, कुठूनही जायची. क्लच तेवढा घसरायचा, म्हणून केनवडच्या बाजारात मिस्त्रीने तिला क्लचच्या नव्या प्लेटा बसवून दिल्या. मिस्त्री मंगरूळपीरचे, बाजाराच्या दिवशी फाट्यावर बसायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. "थोडी चालली का क्लचचं तेल बदला," एवढंच त्यांनी बजावलं होतं.

ते काम दादाने माझ्यावर सोपवलं, रिठदला मुलगी पाहायला जायच्या आदल्या संध्याकाळी. जुनं तेल मी काढलं आणि नव्या तेलाचा डबा माझ्याच पायाने कलंडला. अंगणातल्या मातीने सगळं पिऊन टाकलं. दादाला सांगायची हिंमत होईना. गोठ्यात बंडीच्या चाकांना घालायचं एरंडेल होतं. बंडीचं चाक त्याने फिरतं, तर फटफटीचंही फिरेल, असं म्हणून मी ते ओतलं. वीस वर्षांचा होतो. पोरसवदा होतो असंही म्हणता येत नाही.

सकाळी गिअर टाकताच गाडीने पुढे उडी घेतली. "माह्यापेक्षा हिलेच जास्त घाई आहे," दादा म्हणाला आणि आम्ही निघालो.

सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. रिठदला विहाराजवळच्या त्या घरापुढे कळलं. मुलीचे वडील हात जोडून उभे होते. दादाने क्लच दाबला, पण इंजिन काही चाकाला सोडेना. गाडी त्यांच्यासमोरून तशीच पुढे निघाली आणि दादाने चालत्या गाडीवरूनच जय भीम घातला. जोरात ब्रेक मारावा तर इंजिन बंद पडणार, आणि एकदा बंद पडल्यावर ती किकला मुळीच दाद देत नसे. होणाऱ्या सासऱ्यांना गाडी ढकलायला लावायची? त्यापेक्षा दादाने गल्लीच्या टोकाच्या विहिरीला वळसा घालून गाडी परत आणली.

"दादा, न्यूट्रल कर ना."

"सापडून नाही राह्यलं बे."

दुसऱ्या फेरीला वडिलांचे हात जोडलेलेच होते. मागे पोरं धावायला लागली होती. तिसऱ्या फेरीला मुलगी स्वतःच दारात आली.

"थांबाचं नसन तं आले कायले?"

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि आम्ही थेट कडब्याच्या गंजीत शिरलो. इंजिन बंद. खाली दादा, वर मी, माझ्या अंगावर कडबा. मला वाटलं दादा रडतोय, पण तो हसत होता. मग ती हसली, मग तिचे वडील, मग सगळी गल्ली.

पोह्यांच्या बशा हातात घेऊनच अर्धं गाव क्लचवर वाकलं. कुणी म्हणे वायर ढिली आहे, कुणी म्हणे ताणली आहे. दादाने लिव्हर दाबून वायर पाहिली. ती नीट ओढत होती. "वायर बराबर आहे," तो म्हणाला. "त्या चाचानं प्लेटाच सडक्या टाकल्या." मी तोंडात पोह्यांचा मोठा घास भरला.

सोयरीक तिथेच पक्की झाली. "पडल्यावर जो मानूस आंधी हसते, त्याच्यासंगं संसार होते," असं वहिनी अजून सांगते.

पुढच्या बाजाराला गाडी चाचांकडे गेली. दादा चहा सांगायला गेला तेव्हा त्यांनी क्लच उघडला, बोट बुडवून वास घेतला. नव्याकोऱ्या प्लेटा ओल्या पापडांसारख्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

"कारे, गाडीले जुलाब द्याचा होता का?"

मी सगळं सांगून टाकलं. चाचा इतके हसले की पाना हातातून पडला. मग डोळे पुसून म्हणाले, "भावाले तू सांगतं का मी सांगू?"

"मीच सांगतो, चाचा."

त्यांनी प्लेटा सोडवल्या, घासलेटात धुतल्या, नवं तेल भरलं. दादा आला तो रागातच. "काहून चाचा, जुन्या प्लेटा खपवल्या ना?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेनकडे पाहिलं. "साफ केलं, आता चालते," एवढंच ते बोलले आणि चहाचा कप मला दिला.

दादा पुन्हा कधी त्यांच्याकडे गेला नाही. गावातल्या इतरांनाही त्याने जाऊ दिलं नाही. लग्नाची गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला रंगते. कडब्याची गंजी आली की नातवंडं हसून लोळतात. शेवटी दादा म्हणतो, "त्या लुच्च्या मिस्त्रीमुळं तुमची आजी भेटली." सगळे हसतात. मलाही हसू येतं, कारण तो दिवस होताच तसा. पण तोवर मी माठापाशी पोहोचलेला असतो.

चाचा आता नाहीत. फाट्यावर त्यांचा मुलगा बसतो. दादा मात्र आहे, खणखणीत आहे. चाचांना दिलेला शब्द माझ्याकडून अजून बाकी आहे. दादाला, त्या मुलाच्या देखत, मला सांगायचं आहे की प्लेटा चांगल्या होत्या, एरंडेल मी ओतलं होतं.